रिकामी न परतणारी वाटी



चातुर्मास सुरू झाला की आपल्या स्वयंपाकघराची घडी बदलते. पिठे थोडी थोडी दळून आणावी लागतात, पालेभाज्या बाजूला पडतात, पाणी उकळून ठेवण्याची भांडी पुन्हा ओट्यावर येतात. दर वर्षी या महिन्यात मी चातुर्मासाला चालतील अशा काही कृती आपल्यापुढे ठेवते. या वेळीही चार कृती आहेतच. परंतु त्यापूर्वी आमच्या सूनबाईंनी विचारलेल्या एका प्रश्नाविषयी लिहावेसे वाटते. असा प्रश्न पुष्कळ घरांतून मनातल्या मनात विचारला जात असावा.

मुलगा आणि सून नुकतेच उंड्रीच्या बाजूस नव्या सदनिकेत राहावयास गेले. त्यांच्या मजल्यावर चार घरे आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सुखडीचा डबा बरोबर नेला होता. डबा उघडून मी सूनबाईंना म्हटले, "एक ताटली समोरच्या घरी देऊन ये." ती घुटमळली. म्हणाली, "मम्मी, आपण दिलं की त्याही काहीतरी पाठवणार. त्यात कांदा-लसूण असणार, नाहीतर बटाटा. मग त्याचं करायचं काय? नाही म्हटलं तर वाईट दिसतं. त्यापेक्षा आपण द्यायलाच नको."

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण तिची अडचण खरी होती. मी लग्न होऊन भवानी पेठेतील वाड्यात आले तेव्हा हीच अडचण माझ्यापुढे होती, आणि ती सोडवताना मी चुकले होते.

आमच्या वाड्यात खाली बापुजींची भुसाराची पेढी आणि वर राहावयाच्या खोल्या होत्या. सज्जाच्या दुसऱ्या टोकाला एक मराठी कुटुंब राहत असे. घरधनी पोस्टात नोकरीला. त्यांच्या पत्नीला आम्ही सारे काकू म्हणत असू. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या बांना, रिकाम्या हाताने दिलेले-घेतलेले आवडत नसे. घरी काही नवे झाले की पहिल्या घाण्यातले वाटीत घालून सज्जाच्या त्या टोकाला पाठवायचे, हा त्यांचा नेम होता. काकूंच्या घरचाही रिवाज तसाच. आलेली वाटी त्या रिकामी परत करीत नसत. घरात काहीच नसले तर चिमूटभर साखर घालून वाटी येई.

मात्र कधी कधी त्या वाटीत बटाट्याची भाजी येई, कधी लसणाची चटणी. नव्या सुनेने शेजारणीला काय सांगावे? मी हसून वाटी घ्यायची आणि बांच्या नकळत खाली पेढीवर हमालांना देऊन टाकायची. आपण कोणाचे मन दुखावले नाही, अन्नही वाया घालवले नाही, असे मला वाटे. हा प्रकार काही महिने चालला. एके दिवशी काकूंनी मोठ्या हौसेने भरली वांगी पाठवली आणि थोड्याच वेळाने त्या नळावर पाणी भरावयास खाली उतरल्या. पेढीच्या पायरीवर एक हमाल त्यांच्याच वाटीतून त्यांचीच वांगी भाकरीशी खात बसला होता. काकू काही बोलल्या नाहीत. पुढचे पंधरा दिवस मात्र सज्जाच्या त्या टोकाकडून एकही वाटी आली नाही.

बांना सारे कळले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "खरं सांगायला लाज वाटते, आणि लपवायला वाटत नाही?" त्याच दुपारी सुखडीची ताटली घेऊन त्या मला काकूंकडे घेऊन गेल्या. समोर बसून त्यांनी सरळ सांगितले: आम्ही जमिनीखालचे कंद खात नाही, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, ओले आले आम्हाला चालत नाही, सूर्य मावळल्यावर आम्ही जेवत नाही, सुनेने हे तुम्हाला सांगायला हवे होते, ते तिने केले नाही, तिला क्षमा करा. मग त्यांनी विचारले, "आता तुमच्या घरचं सांगा. तुम्हाला काय चालत नाही?"

इतक्या दिवसांत हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "अहो बा, आज एकादशी आहे. तुम्ही गव्हाची सुखडी आणलीत, ती मला उद्याच खाता येईल."

त्या दिवशी दोन्ही घरे खळखळून हसली. 'उपवास' हा शब्द दोन्ही घरांत एकच होता, पण त्याचा अर्थ वेगळा होता. काकूंच्या उपवासाला धान्य चालत नसे. साबुदाणा, बटाटा, वरी, शेंगदाणे चालत. बांचा उपवास म्हणजे केवळ उकळलेले पाणी, तेही दिवसा. पूर्वी एकदा बांच्या उपवासाच्या दिवशी काकूंनी मुद्दाम बटाटा घातलेली साबुदाण्याची खिचडी पाठवली होती. का पाठवली, हे आम्हाला तेव्हा समजले.

त्यानंतर वाट्यांची ये-जा पुन्हा सुरू झाली आणि ती अधिक मोकळी झाली. काकू आमच्यासाठी वेगळे काही करीत नसत. फोडणी देण्यापूर्वी थोडे बाजूला काढून ठेवीत, एवढेच. पुरणपोळी, तिळाच्या वड्या, लसणाशिवाय कुटलेली शेंगदाण्याची चटणी त्यांच्याकडून येई. आमच्याकडून सुखडी, खाखरे, कच्च्या केळ्यांचे वडे, पापडाची भाजी जाई. पोस्टातून थकून आलेल्या काकांना केळ्यांचे वडे इतके आवडत की त्यात बटाटा नाही, हे त्यांना कितीतरी दिवस खरेच वाटत नव्हते.

आपल्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभाग. त्याचा मुख्य संबंध साधु-साध्वींना द्यावयाच्या निर्दोष आहाराशी आहे, आणि शेजारच्या घरी वाटी पाठवणे म्हणजे ते व्रत पाळणे असे मी म्हणणार नाही. पण 'संविभाग' या शब्दाचा अर्थ आहे नीट वाटा काढणे. स्वतःचे ताट वाढण्यापूर्वी दुसऱ्याचा वाटा काढण्याची सवय हाताला असेल तरच ते व्रत कधीतरी हातून घडते. ही सवय रोजच्या स्वयंपाकातच लागते. बापुजीही पेढीवर आलेल्या माणसाला पाणी विचारल्याशिवाय भावाची गोष्ट काढीत नसत.

बा गेल्या तो आषाढातला दिवस. दुपारी सारे उरकून पुरुषमंडळी परतली. गावोगावचे नातेवाईक येऊन बसले होते. घरात चूल पेटलेली नव्हती. धाकटी मुले सकाळपासून तशीच होती आणि त्यांच्याकडे पाहण्याचे भान कोणालाच नव्हते. साडेसहाच्या सुमारास काकू आल्या. एका हातात झाकलेले पातेले, दुसऱ्या हातात डबा, आणि मागे त्यांचा मुलगा पाण्याची कळशी घेऊन. त्या माझ्याजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पिठलं आहे. कांदा-लसूण काही नाही. पाणी उकळून गाळलेलं आहे. अगं, सूर्य मावळायला पाऊण तास आहे अजून. ऊठ, मुलांना दोन घास घालून घे."

महाराष्ट्रात दुःखाच्या घरी शेजारी जे अन्न पोचवतात त्याला कडू घास म्हणतात. तो घास आमच्या घरच्या रीतीचा, आमच्या वेळेत आणि आमच्या पाण्यासह आला होता. भात ज्या डब्यात होता तो डबा आमचाच होता. त्याच्यावर बांचे नाव कोरलेले होते. सुखडी घेऊन तो कधीतरी काकूंकडे गेला होता. काकूंना हे सारे कोणी त्या दिवशी सांगितले नव्हते, आणि त्या दिवशी सांगण्याच्या स्थितीत कोणी नव्हतेही. वर्षानुवर्षे गेलेल्या-आलेल्या वाट्यांनी त्यांना आमचे घर माहीत करून दिले होते.

सूनबाईंना मी ही हकिकत सांगितली. जैन लोक काय काय खात नाहीत, याची यादी आज बऱ्याच लोकांना ठाऊक असते. आपण खातो ते किती चविष्ट असते, हे मात्र आपण एखादी ताटली दारी नेली तरच कळते. मिठाईच्या दुकानातील बंद खोका दिवाळीत या घरातून त्या घरात फिरत राहतो. कधी कधी तो फिरून आपल्याच घरी येतो. त्या खोक्याने कोणाला आपले घर कळत नाही.

माझ्या अनुभवातून सुचलेल्या चार गोष्टी सांगते. पहिली ताटली देतानाच आपली रीत एका वाक्यात, हसतमुखाने सांगावी, आणि लगेच "तुमच्याकडे काय चालत नाही?" असे विचारावे. ताटलीत उरलेसुरले देऊ नये. पहिल्या घाण्यातले द्यावे. परतफेडीच्या संकोचात त्या पडू नयेत म्हणून काय चालते तेही सांगावे: फळे, तिळगूळ, पुरणपोळी, साध्या चटण्या. आणि एवढे करूनही न चालणारे काही आलेच तर त्याच दिवशी, त्यांच्यासमोर, नम्रपणे सांगावे. मागच्या दाराने ते दुसऱ्याला देऊ नये. माझ्या भरल्या वांग्यांची आठवण ठेवावी.

आता या महिन्याच्या कृती. चारही कृतींना लागणारे जिन्नस आपल्या घरात असतातच. पीठ आपापल्या परंपरेतील काळमर्यादेत दळलेले घ्यावे, आणि पावसाळ्याचे दिवस असल्याने पीठ, डाळी, मसाले चाळून, पाहून, जयणेने वापरावेत.

सुखडी

साहित्य: गव्हाचे पीठ 2 वाट्या, तूप 1 वाटी, बारीक चिरलेला गूळ 1 वाटी, वेलचीपूड किंवा सुंठपूड अर्धा चमचा.

कृती: जाड बुडाच्या कढईत तूप गरम करून त्यात पीठ घालावे आणि मंद आचेवर सतत हलवत भाजावे. 10 ते 12 मिनिटांत पीठ बदामी होऊन सुटे, हलके वाटू लागते आणि खमंग वास येतो. मग गॅस बंद करावा. एक-दोन मिनिटे थांबून गूळ आणि वेलचीपूड घालावी व गूळ विरघळेपर्यंत भराभर हलवावे. तूप लावलेल्या थाळीत मिश्रण ओतून वाटीच्या बुडाने दाबावे आणि गरम असतानाच वड्या कापाव्यात.

गूळ आचेवर घालू नये. गुळाचा पाक झाला की वडी दगडासारखी होते. कढईच्या उष्णतेवर विरघळलेला गूळच सुखडी मऊ ठेवतो.

गुजरातमधील महुडी येथे घंटाकर्ण महावीरांना सुखडीचा प्रसाद चढतो, आणि तो आवाराबाहेर न नेण्याची प्रथा आहे. त्यामुळे चढवणारे कुटुंब स्वतः खाते आणि शेजारी बसलेल्या अनोळखी यात्रेकरूंच्या हातावरही ठेवते. वाटण्यासाठी याहून योग्य पदार्थ मला तरी माहीत नाही.

कच्च्या केळ्यांचे वडे

साहित्य: कच्ची केळी 4, हिरव्या मिरच्या 3 ते 4, कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबू अर्धे, साखर अर्धा चमचा, मोहरी, हिंग, हळद, मीठ. आवरणासाठी बेसन 1 वाटी, तांदळाचे पीठ 1 मोठा चमचा, तळणीसाठी तेल.

कृती: केळ्यांची टोके कापून, प्रत्येकाचे दोन तुकडे करून सालीसकट कुकरमध्ये दोन शिट्यांवर वाफवावे. थंड झाल्यावर सोलून हाताने कुस्करावे. पूर्ण लगदा करू नये, तो चिकट होतो. दोन चमचे तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता, ठेचलेली मिरची आणि हळद घालून त्यात केळी, मीठ, साखर घालावी. खाली उतरवून लिंबू पिळावे, कोथिंबीर घालावी आणि लहान गोळे करावेत. बेसन, तांदळाचे पीठ, मीठ, चिमूटभर हळद पाण्यात दाटसर भिजवून त्यात एक चमचा कडकडीत तेल घालावे. गोळे त्यात बुडवून मध्यम आचेवर तळावेत.

कोथिंबीर-कढीपत्ता ज्या तिथीला वर्ज्य असेल त्या दिवशी ते वगळावे, मिरचीऐवजी लाल तिखट आणि लिंबाऐवजी आमचूर घालावे. हिंग मात्र हात सैल सोडून घालावा. कांदा-लसणाची उणीव तोच भरून काढतो.

पापडाची भाजी

साहित्य: मुगाचे पापड 4, दही 1 वाटी, तांदळाचे पीठ 1 चमचा, तूप 2 चमचे, जिरे, हिंग, हळद, लाल तिखट, धनेपूड, मीठ.

कृती: आपण द्विदल पाळतो, म्हणून कच्चे दही आणि कडधान्य एकत्र येता कामा नये. पापड मुगाचा असल्याने दही आधी तापवणे आवश्यक आहे. दह्यात तांदळाचे पीठ आणि अर्धी वाटी पाणी घालून घुसळावे व मंद आचेवर एकाच दिशेने ढवळत चांगले गरम करावे. तांदळाच्या पिठामुळे दही फुटत नाही, आणि तांदूळ द्विदलात येत नाही. दुसऱ्या भांड्यात तुपाची फोडणी करून त्यात जिरे, हिंग, हळद, तिखट, धनेपूड परतावी. एक वाटी पाणी घालून उकळी आणावी आणि तापलेले दही त्यात ओतावे. पापड भाजून त्यांचे मोठे तुकडे करावेत आणि पानावर वाढण्यापूर्वी दोन मिनिटे आधी घालावेत. पापडात मीठ असते, म्हणून मीठ चव पाहूनच घालावे.

हिरव्या भाजीचा त्याग असलेल्या दिवशी ही भाजी घराची लाज राखते. शेजारी पाठवायची असल्यास रस आणि पापड वेगवेगळे द्यावेत. नाहीतर पोचेपर्यंत पापडाचा लगदा होतो.

काकूंचे पिठले

साहित्य: बेसन 1 वाटी, पाणी 3 वाट्या, तेल 2 मोठे चमचे, मोहरी, जिरे, हिंग, हळद, हिरव्या मिरच्या 3, कढीपत्ता, कोथिंबीर, मीठ.

कृती: बेसन एक वाटी पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावे. तेलाच्या फोडणीत मोहरी, जिरे, हिंग, मिरच्या, कढीपत्ता, हळद घालून उरलेले दोन वाट्या पाणी ओतावे. मीठ घालून पाणी खळखळू लागले की एका हाताने ढवळत कालवलेले बेसन बारीक धारेने सोडावे. दाट होऊ लागले की झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटे शिजू द्यावे. बेसनाचा कच्चा वास गेला आणि वर चकाकी आली की पिठले झाले. कोथिंबीर घालून गरम भात किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढावे.

काकू पिठल्याला नेहमी लसणाची फोडणी देत. आमच्यासाठी त्यांनी ती हिंग-जिऱ्याची केली, आणि पुढे त्यांच्याही घरी तीच रूढ झाली, असे त्या सांगत.

सूनबाईंचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. तिने सुखडीची ताटली समोरच्या घरी दिली आणि आपली रीतही सांगितली. त्या घरातील आजी मूळच्या कोकणातल्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, आधीच सांगितलंस." दुसऱ्या दिवशी ताटली परत आली, तिच्यात ओले खोबरे घातलेले गोड पोहे होते. सूनबाईंनी मला विचारले, "मम्मी, आता मी काय पाठवू?"

मी तिला केळ्यांच्या वड्यांची कृती सांगितली. आपणही या महिन्यात चारांपैकी एखादी कृती करून पाहावी आणि पहिला घाणा शेजारच्या दारी पोचवावा. परत आलेल्या वाटीत काय होते, ते मला जरूर कळवावे.

जय जिनेंद्र.